पाठमोरी बाई

प्रदर्शनात ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रापुढे ही गर्दी! आटलेली नदी, अर्धा पोखरलेला डोंगर, एकुलतं एक झाड. झाडाच्या पलीकडे एक बाई बसलेली. झाडाकडेही पाठ, बघणाऱ्याकडेही पाठ. समीक्षक हात नाचवत सांगत होते, "ही बाई म्हणजे माणूसजात. निसर्गाकडे पाठ फिरवून बसलीय."

लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांची बायको मात्र चित्रातल्या मानेकडे टक लावून बघत होती. अंबाड्याखाली, डावीकडे, चांगला ठसठशीत तीळ होता. माणूसजातीला तीळ कशाला हवा?

मास्तरांना मनातून काही म्हणजे काही काढता येत नसे. साधा भोपळा काढायचा तरी भोपळा समोर लागायचा, आणि तो सडेपर्यंत घरात कुणी त्याला हात लावायचा नाही. मग ही बया कुठे बसली होती? किती दिवस? शाळेतल्या संगीताच्या बाई अंबाडा घालत. त्या आल्याही होत्या, गळ्याला स्कार्फ गुंडाळून. एवढ्या उकाड्यात स्कार्फ!

घरी आल्या आल्या तिने दार लावलं आणि विचारलं, "ती कोण?"

"ऐकलंस ना? माणूसजात."

"मला शेंड्या लावू नका. समोर कोण बसवली होती?"

मास्तर गडबडले. "अगं, तूच."

"मला कुठे तीळ आहे?"

मास्तरांनी तिचा मोबाइल घेतला, तिला वळवलं, केस वर धरले आणि मानेचा फोटो काढला. तीळ होता. डावीकडेच. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं. "मग सांगून बसवायचं ना! चेहरा तरी आला असता."

"समोर असतं तेच काढतो मी," मास्तर म्हणाले. "माणूसजात वगैरे त्यांना दिसली. मी खोलीत येतो तेव्हा तू केसांचा अंबाडा बांधून, भिंतीकडे तोंड करून शिवत असतेस. हाक मारली की नुसतं 'हूं' म्हणतेस. गेली दोन वर्षं."

तिचं हसू विरलं. भांडायला आता कुणीच उरलं नव्हतं.

"ऐकतेयस ना?" मास्तरांनी विचारलं.

ओठांवर आलेलं 'हूं' तिने कसंबसं गिळलं.