उजेड न पडलेली गाठ

पानिपतच्या बाहेर, सतरंज्यांच्या एका जुन्या गोदामात, दर रविवारी शंभर-दीडशे पुरुष जमत. आजारच असा, की सख्ख्या भावाजवळही कोणी बोलणार नाही. अंडकोशाची सूज. गोदामाच्या टोकाला एक अंधारी खोली होती आणि तिच्यात उजालेवाले बाबा. बाबा आपला चांदीचा दंड सुजेमागे टेकवत, काहीतरी पुटपुटत, आणि सूज आतून लालकेशरी उजळून निघे. मग मोरपिसाचा देठ टोचला जाई आणि रोग म्हणे पाणी होऊन वाटीत उतरे. माणूस हलका होऊन बाहेर आला, की गोदामात जयजयकार उठे.

त्या रविवारी असा बाहेर आलेला माणूस होता मानस, आणि बाकावरून त्याच्याकडे बघत होता सिद्धांत.

दोघे दिल्लीत एकाच सरकारी कार्यालयात, एकाच सेक्शनमध्ये. सेक्शनमध्ये मराठी असे दोघेच, म्हणून हे दुखणं त्यांनी एकमेकांना सांगितलं होतं. सिद्धांतला त्याची बायको लुंबिनी धरून इस्पितळात घेऊन गेली होती. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टर सुनीती स्पष्ट म्हणाल्या, "वृषणाचा कॅन्सर आहे. ती एक बाजू काढावी लागेल. गुरुवारी या." मानस कुठेच गेला नव्हता. तो थेट बाबाकडे आला, सुरीला भ्यालेल्या सिद्धांतलाही घेऊन आला, आणि आता हसत समोर उभा होता.

सिद्धांतच्या मनात जाळ उठला. लग्नाला दोन वर्षं झालेली, अजून मूल नाही. आपल्या वाट्याला सुरी आणि याच्या वाट्याला मोरपीस?

त्याची पाळी आली. दंड टेकला. अंधार तसाच राहिला. बाबांनी लांब उसासा सोडला. "बेटा, तेरे अंदर जलन है. किसी अपने का उजाला देखकर जल रहा है. जलन रहेगी तो ज्योत कैसे जागेगी? ग्यारह इतवार आ."

सिद्धांतच्या अंगावर काटा आला. अकोल्याच्या त्याच्या घरात गंडादोरा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बाबालोकांवर तो स्वतः हसायचा. पण या माणसाला मनातलं कळलं कसं?

गुरुवारी तो इस्पितळात गेलाच नाही. घरी सांगितलं, तारीख पुढे गेली. डबा खाताना मानस रोज म्हणायचा, "अरे यार, मन साफ कर, बस. बाबा बिल्कुल बरोबर बोलतात." तो तसं म्हणाला, की सिद्धांत आणखी जळायचा, आणि जळतो म्हणून स्वतःलाच दोष द्यायचा.

दुसरा रविवारही कोराच गेला. सोमवारी इस्पितळातून लुंबिनीला फोन आला, की पेशंट कधी येणार आहे? संध्याकाळी तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने फुग्यात पाणी भरलं, एक बटाटा घेतला, सिद्धांतला बाथरूममध्ये नेलं आणि दिवा मालवला. मोबाइलचा टॉर्च फुग्यामागे धरला. फुगा उजळला. बटाट्यामागे धरला. काळोख.

"बटाट्याच्या मनात जलन आहे का?" तिने विचारलं.

सिद्धांतने दिवा लावला.

"दंडाच्या टोकाला टॉर्च आहे. मानसच्या सुजेत पाणी असणार. पाण्यातून उजेड जातो. तुझी गाठ भरीव आहे, तिच्यातून जात नाही. मोरपिसाच्या देठात सुई असेल, नाहीतर पाणी वाटीत आलं कुठून? सिद्धांत, डॉक्टरांनीही पहिल्या दिवशी टॉर्च लावला होता. उजेड गेला नाही म्हणूनच त्यांनी तुला लगेच सोनोग्राफीला पाठवलं. ज्याने धावत इस्पितळात जायचं, नेमकं त्यालाच हा बाबा अकरा रविवार थांबवतो."

"मग माझ्या मनातलं त्याला कसं कळलं?"

"बाकावर बसून तू काय करत होतास?"

"बरे झालेले समोरून जात होते. त्यांना बघत होतो."

"दीड तास? मग कोण जळणार नाही?"

बाकावर शेजारी सोनिपतचा ओमवीर नावाचा मेकॅनिक बसायचा. त्याचंही उजळलं नव्हतं. सिद्धांतने त्याला फोन लावला. "हाँ भाई, मुझे भी यही बोला," ओमवीर म्हणाला. "मैं समझा, छोटे भाई की बात है. उससे तो जलता ही हूँ."

लुंबिनीला हसू आलं. सिद्धांतला रडू आलं.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पुढे मूल व्हावं म्हणून आधी वीर्य गोठवून ठेवलं. जांघेत छेद देऊन गाठीसकट वृषण काढलं. दुसरं शाबूत होतं, आणि एकावरही सगळं नीट चालतं, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. पोटातल्या काही लसिकाग्रंथीही सुजल्या होत्या, म्हणून केमोथेरपी लागली.

"मी वेळेवर आलो असतो तर?" त्याने विचारलं.

"ते सांगता येणार नाही," सुनीती म्हणाल्या. "पण अकरा रविवार थांबला असतात, तर कॅन्सर छातीपर्यंत पोचला असता. हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. वेळेवर यायला मात्र हवं."

महिन्याभरात मानसची सूज पुन्हा भरली, वर ताप आला. मळक्या सुईने पू झाला होता. ऐकून सिद्धांतला आधी, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मग लाज वाटली. त्यानेच मानसला सुनीतींकडे नेलं. सोनोग्राफीत गाठ नव्हती; नुसतं पाणी, पू निवळल्यावर छोट्या ऑपरेशनने जाणारं. पुन्हा तोच जाळ. या वेळी सिद्धांतने तोंडाने सांगून टाकलं, "मला तुझा हेवा वाटतो रे. अजूनही."

मानसने केमोच्या तारखा विचारून घेतल्या. पुढच्या प्रत्येक केमोला गाडी त्यानेच चालवली.

केमो संपल्यावर दोघे एका रविवारी गोदामात गेले. सिद्धांतच्या डोक्यावर केस नव्हते. बाबाचे चेले बखोटीला धरून बाहेर काढेपर्यंत तो बाकावरच्या माणसांशी शांतपणे हिंदीत बोलत राहिला. तुमच्यात पाप नाही, जलनही नाही, गाठ आहे, असं तो म्हणाला. दुखत नाही म्हणून सोडू नका, कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही. महिन्यातून एकदा आंघोळ करताना स्वतःच हात लावून बघा. ज्यांचं उजळतं त्यांनीही सोनोग्राफी करा, पाण्याआडही गाठ लपते. लाज घरी ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. ओमवीर गेला, वेळेवर गेला, आज पुन्हा गॅरेजमध्ये काम करतो.

बहुतेकांनी मान फिरवली. एक चाळिशीचा विणकर मात्र त्यांच्यामागून फाटकापर्यंत आला.

"डॉक्टर कल मिलेंगे?" त्याने हळूच विचारलं.

"सुबह आठ बजे. रात को दिल्ली में हमारे यहाँ रुकना," सिद्धांत म्हणाला, आणि त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं.