आतल्या बाजूची कडी

मित्रांनो, शाळेतल्या घंटेची, फळ्याची, बाकाची गोष्ट तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. त्यांचा मान मोठा. माझी गोष्ट मात्र कुणी विचारत नाही आणि मी सांगू लागले तर लोक जरा इकडेतिकडे बघतात. मी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावलेली कडी होते. आता गंजले आहे आणि शिपायांच्या खोलीत, वाकड्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहे.

माझा जन्म सांगलीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडाची पट्टी कापली, वाकवली, तिला भोकं पाडली आणि मी तयार झाले. माझ्याबरोबरच्या काही कड्या बंगल्यांना गेल्या, काही दुकानांना. मी आले मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या हायस्कुलात, आणि तेही या दारावर! खरं सांगते, मला वाईट वाटलं. दिवाणखान्याचं दार मिळालं असतं तर चार पाहुण्यांनी बघितलं तरी असतं. पण पहिल्याच दिवशी एक मुलगी घाबरत आत आली, तिनं मला सरकवलं, मी चौकटीतल्या भोकात नीट जाऊन बसले आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेर कितीही गलका असला तरी मी आडवी झाले की आतल्या मुलीला कुणाची भीती उरत नसे. त्या दिवसापासून मी बंगल्याचा विचार सोडून दिला.

माझी काही वर्षं सुखाची गेली. हरिबा शिपाई सुट्टी संपता संपता दारांना तेल घालायचे, तेव्हा माझ्याही वाट्याला दोन थेंब यायचे. पण दार होतं पत्र्याचं. घाईतल्या मुली ते धाडकन आपटायच्या. पाचवीतल्या चिमुरड्या त्याला लोंबकळून झोके घ्यायच्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी बिजागऱ्या ढिल्या होत गेल्या, दार खाली लोंबलं, आणि माझी नि चौकटीतल्या भोकाची गाठ पडेनाशी झाली. मला कितीही रेटलं तरी मी नुसती चौकटीवर आपटायचे.

ही गोष्ट सगळ्या शाळेला ठाऊक झाली. मुलींना वाटलं, बाईंना कुणीतरी सांगितलं असेल. बाईंना वाटलं, हरिबांच्या लक्षात असेल. हरिबा म्हणाले, “बिजागऱ्या आणायला लागतील,” आणि दुसऱ्या कामाला लागले. त्यातून हा विषय असा, की मुलींना मुख्याध्यापकांपुढं तो काढायची लाज वाटे. माझ्याबद्दल सगळे बोलत होते, पण हात कुणी लावत नव्हतं.

मग मुलींनीच एक तोड काढली. एक आत जायची आणि दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. मुख्याध्यापकांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या सरांच्या कानावर हे गेलं आणि त्यांना भारी कौतुक वाटलं. सकाळच्या परिपाठाला त्यांचा आवाज मला दारातून स्वच्छ ऐकू आला. “आपल्या मुलींकडं बघा! दार नीट नाही म्हणून रडत बसल्या नाहीत. एकमेकींची जबाबदारी घेतली. यालाच मी शिस्त म्हणतो.” मग टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात भिंतीवर रंगानं अक्षरं उमटली: ‘जोडीने जा, एकमेकींना सांभाळा.’ भिंत रंगवायला माणूस आला, त्याच्या हातात ब्रश होता, डबा होता, शिडी होती. माझ्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मला हसावं की रडावं ते कळेना.

परिपाठाला सरांनी ज्या मुलीला पुढं बोलावून शाबासकी दिली, तिचं नाव मंगल. आठवीत होती. तिचं घर माळावरच्या धनगरवस्तीत, शाळेपासून लांब. दिवाळी झाली की तिचे आईवडील मेंढरं घेऊन वाईच्या अंगाला उतरत आणि मंगल शाळेसाठी आजीजवळ राही. “तू शीक. मेंढरांचं आमी बगतो,” असं तिच्या आईनं, बनाबाईनं तिला सांगितलं होतं. तिच्या घरात आठवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

मधल्या सुट्टीत गावातल्या मुली घरी जेवायला पळत. जायच्या आधी त्या माझ्याकडं येत आणि हाक मारत, “मंगल, थांब गं!” मंगलला घरी जाता येत नसे, म्हणून ती थांबायची. पाठ दाराला लावून अशी उभी राहायची की एखादा दांडगा पोरगासुद्धा त्या बाजूला फिरकत नसे. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. तिचा डबा वर्गात तसाच असायचा. तिच्यासाठी थांबायची ती सुंदरी, गावातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. मैत्रिणीबरोबर जेवता यावं म्हणून ती घरी न जाता डबा आणायची. या दोघींचं बरं चाललं होतं.

पुढं शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास मधल्या सुट्टीत सुरू झाले आणि सुंदरी तिकडं अडकली. मंगलनं मग दुसऱ्या मुलींना विचारायला सुरुवात केली.

“अंकिता, जरा थांबतीस का गं? लगेच येते मी.”

“आत्ता न्हाई गं. आई वाट बघतीया. जेवून आले की थांबते.”

अंकिता काही दुष्ट नव्हती. जेवून येईपर्यंत तास सुरू व्हायचा, इतकंच. रोज कुणीतरी अंकिता असायचीच.

एकदा मंगल एकटीच आत आली. तिनं एका हातानं दार उचलून धरलं, दुसऱ्या हातानं मला रेटलं, पुन्हा रेटलं. मीही जीव एकवटला, पण भोक वरच राहिलं. शेवटी तिनं मला सोडलं आणि एका हातानं दार ओढून धरलं. तेवढ्यात बाहेरून कुणा लहानगीनं, आत कुणी नाही असं समजून, दार खसकन ओढलं. समोर नळावर मुलांची रांग होती. रांगेतून कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी माना फिरवल्या, पण हसणं तिनं ऐकलं होतं. मंगल बाहेर पडली तेव्हा तिची मान खाली होती. मला माझ्या लोखंडाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यानंतर ती आत आली नाही. दुसऱ्यांसाठी मात्र ती थांबतच राहिली. दाराच्या फटीतून तिची बोटं मला दिसायची, पत्रा घट्ट धरलेली. उन्हाळा चढत होता. एकदा तास लवकर सुटला म्हणून सुंदरी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

“मंगल, तुझी बाटली सकाळपासनं भरलेलीच हाय की गं. पाणी का पीत न्हाईस?”

“मला तहानच लागत न्हाई.”

“इतक्या उन्हात?”

तहान लागत होती, मित्रांनो. आत यावं लागू नये म्हणून ती पाणी पीत नव्हती. हे मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

वार्षिक परीक्षा संपता संपता ती वर्गातच कोसळली. ताप होता, पोटात कळा होत्या. मिरजेला दवाखान्यात नेलं. पाणी न पिण्यानं आणि दिवसदिवस दाबून धरण्यानं हे झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मेंढरं नवऱ्याच्या हवाली करून बनाबाई वाईकडून धावत आली. लेकीनं तिला सगळं सांगितलं असावं. कारण मंगलला घरी आणल्यावर ती शाळेत आली, शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि म्हणाली, “दार बगायचं हाय मला.”

मोठे सर आणि हरिबा तिच्या मागोमाग आले. बनाबाईनं मला सरकवलं. मी चौकटीवर आपटले. तिनं पुन्हा सरकवलं, मी पुन्हा आपटले.

“बाई, मुलगी हुशार आहे,” सर म्हणाले. “तिची शाळा बंद करू नका. कडी लगेच बसवून घेतो.”

“बसवा की. ऱ्हायलेल्या पोरींस्नी लागंल.” तिचा आवाज चढला नव्हता. “आवं सर, माज्या लेकीनं तुमच्या समद्या पोरींची दारं धरली. तिचं दार कुणी धरलं?”

सरांची नजर भिंतीवरच्या अक्षरांकडं गेली आणि तिथून खाली आली.

“आमी रानात उघड्यावर ऱ्हातो,” बनाबाई म्हणाली. “पर तितं मी तिच्यासंगं असती.”

ती दाखला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हरिबांनी बिजागऱ्या बदलल्या, दार वर उचललं, मला काढून नवी कडी बसवली. दुपारचा चहा यायच्या आत काम उरकलं.

“एवढंच होतं?” सरांनी हळूच विचारलं.

“एवढंच हुतं, सर,” हरिबा म्हणाले आणि तोंड फिरवून पान्हे गोळा करू लागले.

त्याच संध्याकाळी सुंदरी सायकल मारत धनगरवस्तीवर गेली. दार नीट झालं म्हणून सांगायला. तिथं आजी एकटीच होती. मायलेकी पहाटेच वाईकडं निघून गेल्या होत्या. सुंदरी परत आली ती हरिबांच्या खोलीच्या पायरीवर बसून रडली. “आदीच का न्हाई केलंत ओ, मामा?” इतकंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हरिबांच्या हातात तेव्हा मी होते. त्यांनी मला डब्यात टाकलं आणि तिच्याशेजारी बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं दार लोंबलं असेल, एखादी कडी बसत नसेल, तर ‘कुणीतरी सांगितलं असेल’ म्हणून गप्प राहू नका. आजच सांगा. लाज वाटली तर दोघी मिळून सांगा, पण दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. दाराला झोके घेऊ नका. कुणावर दार उघडलं गेलं तर हसू नका, आणि हसणाऱ्याला तिथंच थांबवा. आणि तुमच्यात जी सगळ्यांसाठी उभी राहते, तिला विचारा, बाई, तुझं काय? मंगलला हे कुणी विचारलं नाही. कौतुक तेवढं भरपूर केलं.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. ज्या ज्या मुलींसाठी मंगलनं दार धरलं होतं, त्या सगळ्या पुढच्या वर्गात गेल्या.