दक्षिणेला दात, पूर्वेला धार

मायक्रोस्कोपच्या तोंडाशी आठ बारीक दिवे होते आणि त्यांतले तीनच उजेड देत होते. तिन्ही डावीकडचे. उरलेल्या पाचांवर काळी चिकटपट्टी होती, अगदी कापून, नीट बसवलेली. एवढी मेहनत कुणी उगाच घेत नाही, असं मला वाटलं. पण कडाव गावातल्या महाराजांच्या त्या मांडवात दिव्यांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. माणसं मागच्या बांधापर्यंत उभी होती आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते.

पडद्यावर काळूरामभाऊंचा वस्तरा होता. धार या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पसरलेली, आणि तिच्यावर ओळीनं उभे पांढरे दात.

"अगं आई गं! करवत झाली की याची!" माझ्या शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या.

"सोळाशे पट!" सूक्ष्मानंद महाराज गरजले. "डॉक्टरला दिसत नाही, इंजिनियरला दिसत नाही, ते माझा सूक्ष्मनेत्र सोळाशे पट मोठं करून दाखवतो. हे शनीचे दात! ज्या घरात बाई लोखंड पाजळते, त्या घरात शनी पातं चावतो."

मांडवात कुजबुज झाली. काळूरामभाऊंनी मान खाली घातली. त्यांची मुलगी दर्शना त्यांच्या मागं बसली होती. तिचा चेहरा उतरला.

काळूरामभाऊंचं कर्जतच्या बाजारात सलून आहे. तिथं आता सगळीकडे असतात तशी बदलती ब्लेडं. पण आत खिडकीजवळ जुन्या वस्तऱ्यांना धार लावायची बैठक आहे. पुण्या-नाशकाचे हौशी लोक आपल्या आजोबांचे वस्तरे कुरिअरनं पाठवतात. भाऊंचा हात थरथरायला लागल्यापासून हे काम दर्शना करते. मात्र बैठक पुढं कुणाची, हे भाऊ सांगत नव्हते. "पुतण्या आहे ना, कमलेश?" असं नातेवाईक म्हणत. भाऊ हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. वर्ष असंच गेलं.

मग एका गिऱ्हाइकाचा वस्तरा परत आला. टोकाशी ओढतो, अशी तक्रार. दर्शना माझ्याकडे आली. शाळेत मी तिला विज्ञान शिकवलं होतं.

"बाई, धार बघायला मायक्रोस्कोप कुठला घेऊ?"

आम्ही शाळेतल्यापासून सुरुवात केली. त्याचा उजेड खालून येतो. कांद्याच्या पापुद्र्यातून तो वर येतो, पोलादातून कसा येणार? पडली ती नुसती काळी सावली. वरून टॉर्च धरला आणि जास्त पटीचं भिंग लावलं, तर ते इतकं खाली आलं की दर्शना ओरडली, "बाई, धारेला लागंल!" शिवाय तेवढ्या पटीत एखादा चरा स्पष्ट दिसतो आणि बाकी सगळं धूसर. तेव्हा शंभरेक पट पुरे, भिंग आणि पातं यांच्यात बोटभर जागा हवी, बूड जड हवं आणि दिवा हव्या त्या बाजूला फिरवता यायला हवा, असं आमचं ठरलं. तसा एक खोपोलीच्या बंद झालेल्या कारखान्यातून मिळत होता. पण भाऊंचा होकार येईना, आणि त्याच आठवड्यात कमलेश त्यांना या मांडवात घेऊन आला. मी दर्शनाच्या आग्रहावरून आले होते.

"महाराज, उपाय?" भाऊंनी विचारलं.

"धारेचा दगड नदीत सोडा. मुलीनं पात्याला हात लावायचा नाही. बैठक घरातल्या पुरुषाकडे." महाराजांनी कमलेशकडे बोट केलं. कमलेश दचकला. "आणि आता पाहा! पात्याचं तोंड दक्षिणेला आहे. दक्षिण कुणाची?"

"यमाची!" मांडव म्हणाला.

"मी ते पूर्वेला वळवतो. ॐ सूक्ष्माय, अतिसूक्ष्माय, सूक्ष्मातिसूक्ष्माय फट्!"

त्यांनी भिंगाखालचा वस्तरा काटकोनात वळवला. पडद्यावरची धार आता उभी झाली, आणि दात गेले. पातं आरशासारखं लख्ख. टाळ्या पडल्या. गंगाबाईंनी हात जोडले.

मी उभी राहिले. "महाराज, दात कायमचे गेले?"

"कायमचे!"

"मग वस्तरा परत दक्षिणेला ठेवला तरी येणार नाहीत?"

"शंका हा मनाचा गंज आहे, ताई."

"ठेवून तर बघा की," जोडलेले हात सोडत गंगाबाई म्हणाल्या. "गेलेत ना? मग भ्यायचं कशाला?"

दर्शना तोवर टेबलापाशी पोचली होती. तिनं वस्तरा दक्षिणेला फिरवला. दात हजर. पूर्वेला फिरवला. गायब. पुन्हा दक्षिणेला. हजर.

"शनी काय रिक्षानं ये-जा करतोय का रं?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मांडव हसला.

"बाईचा हात लागला म्हणून आले!" महाराज कडाडले.

"मग कमलेशला फिरवू दे," मी म्हटलं.

कमलेशनं फिरवला. दात त्याच्यासाठीही आले. त्याचं धाडस वाढलं असावं. त्यानं महाराजांच्या ताटातली फळं कापायची सुरी उचलली आणि भिंगाखाली फिरवत राहिला. एका बाजूला वळली तशी पडद्यावर मगरीचा जबडा उघडला.

"महाराज," गंगाबाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या घरी कोण हो पाजळतं?"

हसणं थांबेपर्यंत मी पाचही चिकटपट्ट्या सोलून काढल्या होत्या. आठही दिवे उजळले. आता वस्तरा कसाही ठेवला तरी पात्यावर तेच दिसत होतं: बारीक, एकमेकांना समांतर चरे.

"हे दगडाचे चरे आहेत," मी सांगितलं. "घासलेल्या प्रत्येक पात्यावर असतात. नांगरलेल्या शेतावर सकाळचं तिरपं ऊन तासांच्या, म्हणजे नांगराच्या ओळींच्या, आडवं पडलं की काय होतं?"

"ढेकूळ न् ढेकूळ दिसतं," एक शेतकरी म्हणाला. "आन् तासांच्या सरळ पडलं तर रान सपाट वाटतं. त्यात काय!"

"तेच. इथं ऊन एका बाजूनं बांधून ठेवलं होतं आणि शेत फिरवलं."

महाराज माइकची वायर गुंडाळू लागले. दर्शना मात्र मांडवाला विसरून गेली होती. ती वस्तरा हळूहळू सरकवत टोकापर्यंत गेली आणि तिनं वडिलांना हाक मारली.

"अप्पा, हिकडं या. मधले चरे बारीक हायेत. टोकाशी बघा, जाड दगडाचे जाडे चरे राहिलेत. बारीक दगड तिथं पोचलाच नाय. माझा हात टोकाला उचलला जातोय. म्हणून ओढतो वस्तरा."

भाऊ वाकले. पडद्यावरच्या टोकाशी बोट नेऊन त्यांनी विचारलं, "सुधारंल?"

"आज दुपारीच. मनगट जरा वळवून पातं दगडावर घासायचं."

कमलेश घसा खाकरून म्हणाला, "काका, खरं सांगू? मला ते घासणं जमायचं नाय. माझा टेंपो बरा हाय. तुमची काळजी मिटंल म्हणून आणलं तुमाला."

दगड नदीत जाणार होता आणि एका मुलीच्या हातचं काम सुटणार होतं, तेही पाच चिकटपट्ट्यांमुळे. म्हणून वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. चमत्कार दिसला की जरा उठावं. वस्तू फिरवून बघावी, दिवा हलवून बघावा, आणि पुन्हा करून दाखवायला सांगावं. जे खरं असतं त्याला पुन्हा करून दाखवायची भीती नसते. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. गंगाबाईंकडे ती नव्हती.

बाहेर चपला शोधताना भाऊंच्या चुलतभावानं विचारलंच, "मग काळूराम, बैठकीचं काय ठरलं?"

भाऊंनी वस्तरा मिटला आणि लेकीच्या हातात दिला.

"दर्शना, खोपोलीचा तो मायक्रोस्कोप घेऊन टाक," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बैठक तुझी हाय."