रणगाड्याच्या मागचा हंडा

तनुजानं वर्षभर खपून एकाहत्तरच्या लढाईतला रणगाडा बनवला, तळहातावर मावेल एवढा. पुंडलिकनगरच्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात त्याच्याशेजारी तिचे आजोबा, पाचोडचे सांडूनाना, खुर्ची टाकून बसले होते. त्या लढाईत नाना रणगाड्यांच्या पलटणीत स्वयंपाकी होते.

परीक्षक विश्वजीत सर भलतेच काटेकोर. भिंग लावून त्यांनी चाकं मोजली, रंग तपासला आणि मागं टांगलेल्या चण्याएवढ्या हंड्यापाशी ते अडले.

"रणगाड्याला हंडा? पुरावा काय?"

"माझ्या आजोबांनी पाहिलाय," तनुजा म्हणाली.

सर हसले. "ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणत नाहीत." त्यांनी पाच गुण कापले.

नाना काठी टेकत उठले. "सायेब, म्या व्हतो त्या पलटणीत. पोरगी खरी गोष्ट तर इसरलीच. तोफेच्या तोंडाला आम्ही लिंबू-मिरची बांधायचो, नजर लागू नाय म्हणून."

नानांनी चक्क थाप ठोकली होती. तनुजानं त्यांची बाही ओढली. सरांनी मात्र घाईघाईनं वही काढली. "मिरच्या किती?"

"सात. हिरव्यागार."

सरांनी ते टिपून घेतलं, कापलेले गुण परत दिले आणि तनुजाचा पहिला नंबर आला.

बाहेर पडल्यावर ती चिडली. "नाना, एवढी लबाडी?"

"मंग काय करू? हंडा माझ्याच भटारखान्यातला, रणगाड्यावरच्या पोरांनी पळवलेला. तू खरं सांगितलंस तवा सायेब हसला. लबाडी लगेच लिहून घेतली!"

दुसऱ्या दिवशी न राहवून तिनं खरं सांगायला सरांना फोन लावला.

"नंतर बोलू," सर कुजबुजले. "माझ्या रणगाड्याच्या तोफेला पाचवी मिरची चिकटवतोय, हात हलेल."