तुळजाबाईंचा चुडा

मी चांगुणा, वरवंडची सुईण. निम्मं गाव माझ्या हातावर जन्माला आलंय, तवा मला कोणी शिकवाय लागलं की आधी माझं डोकं तापतं. तरी दुष्काळ सरल्यावर सरकारी दवाखान्यात सुइणींचं शिक्षण निघालं, आन् मी गेले. तिथल्या नर्स गीताबाई म्हणाल्या, "बाळंतपणाआधी बांगड्या काढायच्या, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे. बांगडीखालचा मळ बाळंतिणीचा जीव घेतो."

बाया तोंडाला पदर लावून बसल्या. सवाष्णीनं बांगड्या काढायच्या म्हंजी नवऱ्याला जित्तेपणी पोचवायचं! मी म्हटलं, "माझा कोंडिबा एवढ्या बिड्या ओढून मरंना, बांगड्यांनी काय मरतोय?" साबण लावला आन् सर्रकन काढल्या.

पुढं बापूसाहेब पाटलांची सून अडली. पहिलटकरीण, कालपासून कळा देत होती. मी गेले तर तिची सासू तुळजाबाई दारात आडवी.

"मोकळ्या हातानं माझ्या सुनंला शिवायचं न्हाई!"

"आवं, ह्यो काय माझा नवरा, माझा सुइणीचा डबा घिऊन उभा हाय. भूत वाटतंय का तुमास्नी?"

तेवढ्यात आत सून किंचाळली. मी तुळजाबाईंना बाजूला सारून आत शिरले. पोरीच्या अंगात त्राण न्हवतं, बाळाचं डोकं दिसत होतं, आन् मी एकटी.

"पाटलीणबाई, मला आणखी दोन हात लागत्यात. पर बांगड्या काढून, धुऊन."

हिरवागार चुडा छातीशी धरून ती बाई रडायलाच लागली. "मालक जिते हायती गं माझे."

मला राग आला, आन् कीवबी आली. "सूनबी अजून जितीच हाय," मी म्हटलं.

तिनं सुनंकडं बघितलं. मग साबण घेतला. एकेक बांगडी उतरवून दाराच्या फटीतनं नवऱ्याच्या हातात दिली. "फुटू दिऊ नगा," म्हणाली.

बाळ आलं ते गप्पगार. इकडं पोरीला रक्त जाय लागलं. मी तिचं पोट चोळत होते, सोडता येईना. "तोंड पुसा त्याचं! पाठ चोळा, जोरात!" मी पाटलीणबाईंवर खेकसले. त्या बाईनं धुतल्या हातांनी नातीला असं चोळलं की तिनं टाहो फोडला. सुनंचं रक्तबी थांबलं. माझ्या जिवात जीव आला.

सांगाय बाहेर आले तर पाटील ओट्यावर, वंजळीत बांगड्या धरून, घामानं निथळत बसलेले. शेजारी माझा कोंडिबा.

"घाबरू नगा, पाटील," त्यो सांगत होता, "माझी तर सारखीच काढती. बघा की, जित्ता हाय."