उपाशी व्याही

खुबूस तोडताना विनायकच्या बोटांतून एक मऊ, दमट आवाज येतो. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या त्या गोल रोटीच्या पोटात कोंडलेली वाफ हलकेच सुटते, त्याच्या चष्म्यावर धुकं धरतं, आणि त्या धुक्यामागे त्याचे डोळे क्षणभर तृप्तीने मिटतात. बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आले आहे, की त्यावरून मला त्याच्या मनातलं हवामान कळतं. खुशीत असला की तो मोठाले तुकडे करतो, ऑफिसात काही बिनसलं की अगदी बारीक. हा माणूस तोंडाने काही सांगेल ही आशा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली. तो जेवतो, आणि मी समोर बसून त्याचं जेवण वाचते.

आणि जेवतो तरी किती मनापासून! नईम भागातल्या एका जुन्या गल्लीत सुट्टीच्या सकाळी तो मला बलालीत खायला नेतो. म्हणजे वेलचीच्या गोड शेवया आणि त्यावर चक्क अंड्याचं ऑम्लेट. ते नुसतं पाहून माझ्या अंगावर शहारा येतो, आणि हा मिटक्या मारत बशी चाटूनपुसून लख्ख करतो. रत्नागिरीचे शेजारी ईदला डबा पाठवतात तेव्हा दाराची बेल वाजण्याआधी त्याच्या नाकाला खबर लागलेली असते. वाढणाऱ्याला नको म्हणणं म्हणजे त्याच्या श्रमांचा अपमान, असं तो मानतो. कुणाच्याही घरचं पान त्याने कधी परत केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात इथली हवा वळते. समुद्रावरून येणारी चिकट वाफ ओसरते, खिडक्यांच्या काचा बाहेरून घामेजायच्या थांबतात, आणि संध्याकाळचा प्रकाश धुऊन वाळत घातलेल्या पातळासारखा हलका होतो. अशाच एका संध्याकाळी जेवताना आमच्या जुईने सांगितलं, की तिला जोएलशी लग्न करायचं आहे. जोएल तिचा ईसा टाउनच्या शाळेपासूनचा मित्र. मल्याळी, ख्रिस्ती, इथल्याच एका कंपनीत इंजिनिअर. त्याचे आईवडील बहरीनमधली नोकरी संपवून फोर्ट कोचीला परत गेलेले, आणि लग्न तिथल्या त्यांच्या जुन्या चर्चमध्ये व्हावं अशी त्यांची इच्छा. जुईला मराठी सगळं कळतं, पण बोलणं इंग्रजीतून; त्या दिवशी मात्र तिने मराठीत वाक्य जुळवायचा फार प्रयत्न केला. विनायकने हातातला तुकडा सावकाश संपवला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बघू."

आता या 'बघू'चं काय करायचं? आमच्याकडे बघू म्हणजे निम्म्या वेळा नाही, आणि उरलेल्या निम्म्या वेळा देव जाणे. नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला, तरी त्याने ताकास तूर लागू दिली नाही. जुई माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची आणि कुजबुजायची, "आई, बाबांच्या येसशिवाय मी नाही करणार. बट नोबडी एल्स. एव्हर." दोघंही एकाच मातीची, हट्टाला पेटली तर आयुष्यं वाया घालवतील. आणि मध्ये मी, दोघांच्या ताटांत वाढत, दोघांचे चेहरे न्याहाळत. त्या दोन महिन्यांत विनायक मोठे तुकडेही करीना आणि बारीकही करीना. माझं वाचन पार बंद पडलं होतं.

नाताळ सरल्यावर जोएलच्या आईवडिलांनी जेवायचं आमंत्रण दिलं, आणि विनायकने कुणालाही न सांगता परस्पर रजा टाकली. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. विमान कोचीला उतरलं. वाळवंटाच्या कोरड्या फिकट उजेडाला सरावलेल्या माझ्या डोळ्यांना तिथली हिरवी, ओलसर, पाण्यावरून परतून येणारी दुपार पेलवेना.

जेवण दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून आधी आम्ही चर्चं पाहत हिंडलो. म्हणायला पर्यटन; खरं तर जुईने तिच्या बाबांसाठी आखलेला तो मूक अर्ज होता. घराघरांवर नाताळचे कागदी तारे अजून लटकत होते, प्रचंड विस्ताराची जुनी झाडं रस्त्यांवर सावली अंथरून उभी होती, आणि त्या सावलीतून विनायक पुढे, पाठीमागे हात बांधून, इन्स्पेक्शनला निघालेल्या हेडमास्तरासारखा. पहिल्या चर्चच्या दारात त्याने बूट काढले. तिथे कुणीच काढत नव्हतं. "अरे, चालतात इथे बूट," मी म्हटलं, तर म्हणाला, "मला नाही चालत." मग उंबऱ्याला वाकून हात लावला, आणि सवयीने वर घंटा शोधली.

आत शतकांचा गारवा कोंडला होता. छतावरून दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे लोंबत होते. भिंतीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची अक्षरं असंख्य हातांच्या स्पर्शाने झिजली होती. आणि रंगीत काचेतून आलेला निळा-तांबडा कवडसा विनायकच्या टकलावर येऊन थांबला होता. एरवी मी हसले असते. पण तो एकेका शिळेपुढे उभा राहून ज्या गांभीर्याने वाचत होता, ते पाहून मला धडकी भरली. इतकी मेलेली माणसं पाहून याचं मन आणखी फिरलं तर? जुई एका बाकाच्या टोकाशी ओठ चावत बसली होती. तो खोकला, आणि तो खोकला त्या रिकाम्या वास्तूत इतका वेळ घुमत राहिला, की आम्ही दोघी दचकून त्याच्याकडे पाहू लागलो. त्याने फक्त रुमालाने चष्मा पुसला.

मग जिथे लग्न होणार होतं ते चर्च. पांढरं, साधं, आतमध्ये आपल्याकडे असते तशी पितळी समई, फक्त तिच्या शिरावर क्रूस. नाताळसाठी घरी आलेला जोएल हलक्या आवाजात सांगत होता, की नवऱ्यामुलाने आणलेल्या भरजरी साडीतून धागे काढतात, आणि त्या धाग्यांत ओवून वधूच्या गळ्यात सोन्याचं पान बांधतात. विनायक ऐकत होता की नाही, कळेना. ऐकून झाल्यावर तो बाहेर पडला आणि चर्चला प्रदक्षिणा घालू लागला, उजवीकडून, नेमाने, तोंडाने काहीतरी पुटपुटत. जोएलने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी काय सांगणार? माझ्याच जिवाला घोर लागला होता.

दुसऱ्या दिवशीचं ते टेबल मी जन्मात विसरणार नाही. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला मासा, नारळाच्या दुधातला पांढराशुभ्र स्ट्यू, कडेला जाळी आणि मध्ये लुसलुशीत अशी आप्पमं. आम्हाला अवघडायला नको म्हणून बीफ मुद्दाम टाळलेलं. जोएलची आई, सुसन, सकाळपासून चुलीपाशी असणार; तिच्या कपाळावर अजून घामाचे थेंब होते आणि ती पदराने ते टिपत, हसत, विनायकच्या पानात सगळ्यांत मोठा मासा वाढत होती. मासा उलगडला, वाफ उठली, त्याच्या चष्म्यावर धुकं आलं. मी मनात म्हटलं, चला, आता हा जेवणार, आणि जेवला की सगळं सुरळीत होणार. सुटकेच्या भरात मी माझा पहिला घास तोंडात घातलाही.

विनायकने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग जोडले.

"माफ करना," तो म्हणाला, "मैं यहाँ नहीं खा सकता."

जुईच्या हातातला चमचा तसाच राहिला. सुसनचा चेहरा उतरला, आणि तिने विचारलं, "भाईसाब, कुछ गलती हुआ क्या?" जोएलचे वडील घाईघाईने म्हणाले, "फिश एकदम फ्रेश है, अभी आया." विनायकचे कान लाल झाले होते, शब्द सापडत नव्हते, तो नुसतीच मान हलवत होता. मला वाटलं, संपलं. धर्म आडवा आला, जात आडवी आली, आणि या शहाण्याने ती सांगायला भरलेलं पान निवडलं. लाजेने मला धरणी दुभंगावी असं झालं. आणि माझ्या तोंडात आप्पमचा घास. गिळावा तरी पंचाईत, न गिळावा तरी पंचाईत.

तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. रडकुंडीला आलेल्या पोरासारखा.

"अगं, तू सांग ना त्यांना! मुलीच्या घरी कसं जेवायचं?"

घास गिळला मी. आपल्याकडची जुनी रीत: लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. माझे वडील आमच्या नव्या संसारात यायचे ते कोरड्या घशाने बसून जायचे, जुई जन्मेपर्यंत. आणि हाच विनायक तेव्हा त्यांना हसला होता, आजकाल हे कोण पाळतं म्हणून. मी तर ही रीत त्यांच्याबरोबरच गेली असं धरून चालले होते. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रीतीमुळे नव्हे. ज्या घराला तो इतक्या सहज मुलीचं घर म्हणाला, त्या घराला त्याने अजून होकारही दिला नव्हता. केव्हा दिला होता यानं तो? त्या शिळा वाचताना? प्रदक्षिणा घालताना? मला पत्ताही लागू न देता त्याने लेक देऊनही टाकली होती.

मी हिंदीत, जमेल तसं, सगळं समजावलं. सुसन माझ्याकडे बघतच राहिली. "मतलब… यस?" "मतलब यस," मी म्हटलं. जुईने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले, तर विनायक घाबरून मला विचारतो, "आता हिला काय झालं?" काय म्हणावं या माणसाला!

जोएलच्या वडिलांनी स्वतःचं भरलेलं पान बाजूला सारलं आणि उठून विनायकच्या खांद्यावर हात ठेवला. "यल्ला," ते म्हणाले, कारण इतकी वर्षं बहरीनमध्ये काढलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं काय येणार, "बाहर चलो. दोनों बाहर खाएगा." त्या भल्या माणसाने पाहुण्यासाठी आपल्या घरचं सणाचं जेवण सोडलं. समुद्रकाठी मासे धरायच्या अवाढव्य चिनी जाळ्यांपाशी एका टपरीवर उभं राहून दोघे व्याही तळलेले मासे खाऊन आले. परतले तेव्हा हातांना मसाल्याचा वास होता आणि दोघे कशावर तरी हसत होते. मी मात्र तोवर विहीणबाईंच्या आग्रहाखातर चार आप्पमं चापली होती. "माझं काय रे?" मी हळूच विचारलं. विनायक म्हणाला, "आईला चालतं." कुठल्या शास्त्रात लिहिलंय, विचारलं, तर म्हणाला, "बघू."

लग्न ईस्टरनंतर आहे. चर्चच्या हॉलमधली पंगत म्हणजे सासरचं अन्न होतं का, यावर विनायकने स्वतःच विचार करून निकाल दिला आहे: हॉल भाड्याचा, म्हणून खायला हरकत नाही. जुई आणि जोएलने बहरीनमध्येच, आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे फ्लॅट घेतला आहे. परवा आम्ही तो पाहायला गेलो. फेब्रुवारीचं गार वारं सुटलं होतं, खोल्यांतून अजून रंगाचा वास येत होता, आणि विनायक प्रत्येक नळ उघडून, बंद करून पाहत होता. जुईने नव्या किटलीत पहिला चहा केला आणि कप त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवली.

"सीरियसली, बाबा? चहा पण नाही?"

"मूल झालं की पिणार."

ती हसली नाही. कप ओट्यावर ठेवत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अँड व्हॉट इफ… आम्हाला मूल नकोच असेल तर?"

तिच्या आवाजावरून मला कळलं, की हा सहज टाकलेला प्रश्न नव्हता. दोघांनी बसून, विचार करून ठरवलेलं ते काहीतरी होतं. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. आता हा दुखावणार, ती भांडणार, आणि जमत आलेलं सगळं विस्कटणार. खिडकीखाली एक शाळेची बस हॉर्न देऊन गेली. विनायकने नळ बंद केला आणि ओला हात पँटला पुसला.

"मग उपाशी येईन," तो म्हणाला. "पण येईन."

जुई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, आणि मी उगाचच बाल्कनीचं दार उघडून बाहेर गेले. सासरी जाण्याचा दिवस पत्रिकेत छापतात. पण लेक आईबापांच्या हातून नेमकी केव्हा सुटते, ते सुटून गेल्यावरच उमगतं. जुई अजून आमच्याच घरी राहते, संध्याकाळी ऑफिसातून येऊन दारात चप्पल काढते, माझ्यासमोर बसून जेवते, आणि मला तिची आठवण येत राहते.