राखीव किनारा

"उन्हानं कातडी तडकते, म्हणून पाणघोडे दिवसभर पाण्यात बसून राहतात," म्बांबू सफारीच्या बोटीतल्या पाहुण्यांना सांगत होती. तिची नजर मात्र लव्हाळ्यांच्या मुळाशी, काळ्या स्थिर पाण्यावरून फिरत होती.

तिचा धाकटा भाऊ मुहिंडो परवा पहाटे जाळं टाकायला गेला तो परतलाच नव्हता. होडी सापडली, उपडी, एका बाजूनं चिरलेली. तेव्हापासून गावात कुणी जाळं टाकलं नव्हतं, एकाही चुलीवर मासा चढला नव्हता. पाण्यानं घेतलेला माणूस मिळेपर्यंत तसंच असतं. वाऱ्यानं तो अभयारण्याच्या किनाऱ्याला लागणार हे सगळ्यांना कळत होतं, पण त्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांना बंदी. शोधाची परवानगी उद्या मिळणार होती. उद्यापर्यंत मगरी काही थांबणार नव्हत्या.

"आपल्यात बाईला होडीला हात लावू देत नाहीत," सकाळी आई म्हणाली होती. "पण तुझी बोट तिथं जाते. तूच आण त्याला."

"काका, अजून हळू घ्या," म्बांबू सुकाणूपाशी जाऊन म्हणाली.

"पाहुणे कंटाळतील, पोरी."

"कंटाळू देत."

बालुकूकाकांनी वेग उतरवला. नोकरी लागण्याआधी तेही कोळीच होते. "लबाड होता तुझा भाऊ," ते हळूच म्हणाले. "माझ्याच जाळ्यातले मासे काढून मलाच विकायचा."

"तुम्ही घ्यायचात ना पण?"

"घ्यायचो. स्वस्त द्यायचा."

म्बांबूला हसू आलं. मग काका 'होता' म्हणाले हे तिच्या लक्षात आलं.

वळणापलीकडे चिखलात मारबू करकोच्यांचा घोळका उतरला होता. काही मेलेलं असल्याशिवाय मारबू असे गोळा होत नाहीत, हे ती रोज पाहुण्यांना सांगायची.

"ते काय खातायत?" गोल टोपीवाल्या बाईंनी दुर्बीण उचलली.

"पलीकडे बघा," म्बांबू म्हणाली. "हत्ती पाण्यात उतरतायत. पिल्लूही आहे."

हत्ती खरोखरच उतरत होते. सगळे त्या बाजूला सरकले, बोट किंचित कलली. म्बांबूनं करकोच्यांकडे पाहिलं. निळा स्वेटर. कोपरावरचं ठिगळ तिनंच लावलेलं होतं.

असा माणूस एकदा दिसला की त्याला एकटं टाकून जायचं नाही. टाकलं तर तो घराची वाट विसरतो, असं मानतात. प्राणिशास्त्र शिकलेल्या म्बांबूला कालपर्यंत कुणी याबद्दल विचारलं असतं, तर ती हसली असती.

"काका, मला इथं उतरवा."

"मगरी आहेत. आणि पाहुण्यांना सोडून उतरलीस तर नोकरी गेली म्हणून समज."

"माहितीये."

"मी उतरतो."

"मग बोट कोण नेणार? आणि भाऊ माझा आहे, काका."

काकांनी मान दुसरीकडे वळवली आणि बोटीचं नाक चिखलात रुतवलं.

"माझं इथं थोडं काम आहे," तिनं पाहुण्यांना सांगितलं. "काका तुम्हाला हत्तींपाशी नेतील. पिल्लाच्या फार जवळ जायचं नाही. आई बिथरते."

गुडघाभर चिखल तुडवत ती पोचली, तोवर बोट मागे हटली होती. तिनं गणवेशाचा कोट काढला आणि मुहिंडोच्या तोंडावरून छातीपर्यंत पांघरला. करकोचे चार पावलं मागे सरले, थांबले, पुन्हा पुढे आले. तिनं दोन्ही हात उंच करून हलवले. ते सरले. पुन्हा आले. ती हात हलवत राहिली.

दूर गेलेल्या बोटीत गोल टोपीवाल्या बाईंचा हात वर झाला, मग बाकीच्यांचेही. सगळे आनंदानं तिला निरोप देत होते. काकांची पाठ तेवढी तिच्याकडे होती.

म्बांबूनं हात खाली घेतले नाहीत. करकोचे अजून तिथंच होते.